शिक्का आणि माग : शोधनिबंधांच्या तपासणीचा सव्वाशे वर्षांचा प्रवास

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीतून बाहेर पडणाऱ्या कास्टिंगवर एक बारीक आकडा उठवलेला असतो. त्याला हीट नंबर म्हणतात. भट्टीतून एका खेपेला जो रस निघाला, त्या खेपेचा हा क्रमांक. ग्राहकाच्या कारखान्यात, मग तो चाकणला असो की चेन्नईला, एखादा भाग तडकला तर तिथून हा आकडा कळवला जातो आणि इथे रजिस्टर उघडले जाते. त्या खेपेत भंगार किती घातले, पिग आयर्न किती, स्पेक्ट्रोमीटरवर कार्बन आणि सिलिकॉन किती आले, टेस्ट बार किती ताणाला तुटला, हे सगळे त्यात सापडते. मालाबरोबर टेस्ट सर्टिफिकेटही जाते आणि त्यावर सही-शिक्का असतो. पण तपासणीच्या टेबलावर वर्षे काढलेल्या माणसाला विचारले, तर शिक्क्यावर किती भरवसा ठेवायचा आणि हीट नंबरवर किती, हे तो हसून सांगेल. शिक्का सांगतो की माल चांगला आहे. हीट नंबर सांगतो की माल कसा झाला, आणि चूक झाली असेल तर ती जिथे झाली तिथपर्यंत नेऊन सोडतो.

माझे बरेचसे शिक्षण याच वसाहतीत, मापे घेता घेता झाले. विद्यापीठाशी संबंध ग्रंथालयाच्या वाचक-ओळखपत्रापुरता. तरी गेली काही वर्षे एक प्रश्न मला सोडत नाही. लोखंडाला जसा माग असतो, तसा शास्त्रीय संशोधनाला असतो का? एखाद्या शोधनिबंधातला निष्कर्ष तडकला, तर मूळ नोंदीपर्यंत परत जाता येते का? अलीकडे हे काम काही अंशी संगणकावर सोपवले जात आहे. हजारो निबंध चाळून त्यांत मूळ माहिती उघड केली आहे का, मर्यादा सांगितल्या आहेत का, हे सांगणारे प्रोग्राम तयार झाले आहेत. त्यांचा इतिहास जेमतेम दहा-बारा वर्षांचा. त्यामागचा विचार मात्र आपल्याकडे बराच जुना आहे. आपण त्याला संशोधनाची शिस्त म्हणत आलो. प्रस्तुत लेखात हा धागा महाराष्ट्राच्या बाजूने उलगडण्याचा प्रयत्न आहे.

साधने आधी, इतिहास मागाहून

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे त्यात आहेत. तोवर मराठ्यांच्या इतिहासावरचा प्रमाणग्रंथ म्हणजे १८२६ सालचा ग्रँट डफचा इंग्रजी इतिहास. साध्या मराठी वाचकाला त्यातले निष्कर्ष मिळत. ते ज्या पत्रांवर उभे होते ती पत्रे त्याच्या हाती येण्याची सोय नव्हती. राजवाड्यांनी क्रम उलटा केला. गावोगावी हिंडून दप्तरे धुंडाळली, अस्सल पत्रे निवडली, त्यांच्या मित्या लावल्या आणि पत्रेच छापली. स्वतःचे म्हणणे त्यांनी प्रस्तावनेत मांडले आणि ते ठासून मांडले. पण पुरावा प्रस्तावनेपासून वेगळा, वाचकाच्या समोर राहिला.

या कामाचे मोल राजवाड्यांच्या चुकांतही दिसते. त्यांचे कितीतरी निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांनी नाकारले. व्युत्पत्ती, समाजरचना, एखाद्या सरदाराच्या माथी मारलेला दोष, अशा अनेक बाबतींत त्यांच्याशी वाद झाले. या वादांत खोडणाऱ्यांच्या हाती असलेला पुरावा अनेकदा राजवाड्यांनीच छापलेला होता. संशोधकाने आपल्याला खोटे ठरवण्याची साधने स्वतःच वाचकाला द्यावीत, ही आजच्या भाषेत ‘खुल्या विदेची’ कल्पना. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेव्हा या कल्पनेला घर मिळाले.

दुसरे घर त्याच शहरात उभे राहिले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रमुख संपादक झाले. देशभरातून आणि देशाबाहेरून मिळून बाराशेंहून अधिक हस्तलिखिते या कामासाठी पाहिली गेली. काम असे चाले : एका कागदावर श्लोक अक्षर सुटे करून लिहायचा आणि त्याच्या खाली प्रत्येक पोथीत जिथे वेगळा पाठ असेल तो त्या त्या अक्षराखाली नोंदवायचा. असे हजारो संहिता-तक्ते तयार झाले. पोथ्या जिथे होत्या तिथेही हे काम चाले. शांतिनिकेतन आणि तंजावर इथेही पाठ ताडून पाहिले जात.

छापलेल्या आवृत्तीचे कोणतेही पान उघडावे. वर संपादकांनी स्वीकारलेला पाठ, खाली बारीक टायपात नाकारलेले पाठ आणि ते कोणत्या पोथ्यांत आहेत त्यांच्या खुणा. म्हणजे संपादकाचा निर्णय मान्य नसलेल्या वाचकाला त्याच पानावरून वेगळा निर्णय घेता येतो. याहून मोठी गोष्ट मला वाटते ती नागमोडी रेषा. स्वीकारलेल्या पाठाबद्दल संपादकांची पक्की खात्री नसेल, तर त्या शब्दांखाली नागमोडी रेषा काढलेली असते. आयुष्य ज्या कामात घातले त्यातच ‘इथे माझी खात्री नाही’ असे जागोजागी छापायचे, हा प्रामाणिकपणा त्या आवृत्तीने नियम म्हणून पाळला. १९४३ साली सुकथनकर गेले. पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि मग परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी काम चालवले आणि १९६६ साली आवृत्ती पूर्ण झाली. प्रमुख संपादक बदलले, पण पद्धत कागदावर असल्यामुळे काम तुटले नाही.

तिसरे उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना त्यांनी प्राचीन चांदीच्या आहत नाण्यांचा अभ्यास सुरू केला. हातोहात फिरताना नाणे झिजते, त्याचे सरासरी वजन घटते आणि एकाच वजनाने पाडलेल्या नाण्यांमधला आपापसातला फरक वाढत जातो. हे खरे मानले, तर तक्षशिलेच्या ठेव्यातल्या नाण्यांचा जुना-नवा क्रम वजनावरून लावता येईल. पण मुळात हे खरे का मानायचे? म्हणून कोसंबींनी आपल्या काळातली, बाजारात चालणारी हजारो नाणी तोलली. त्यांच्यावर साल छापलेले असते, त्यामुळे झीज किती वर्षांची ते पक्के ठाऊक असते. या विषयावरचा त्यांचा निबंध १९४२ साली ‘करंट सायन्स’मध्ये आला. पद्धत आधी सर्वांच्या खिशातल्या नाण्यांवर पारखायची आणि मगच संग्रहालयातल्या नाण्यांना लावायची. ज्याच्याकडे तराजू आहे त्याला ती पारख पुन्हा करता येते.

राजवाडे, सुकथनकर आणि कोसंबी यांचे स्वभाव वेगळे, विषय वेगळे. पण ‘मी सांगतो म्हणून’ हे कारण तिघांनाही पुरेसे वाटले नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे ब्रीद लॅटिनमध्ये हेच सांगते : कोणाच्या शब्दावर विसंबू नका.

यादीचा काळ

स्वातंत्र्यानंतर, आणि विशेषतः गेल्या पंचवीस-तीस वर्षांत, संशोधन करणाऱ्यांची संख्या प्रचंड वाढली. सुकथनकरांचे पान वाचणारा वाचक त्या पानाएवढाच तयार असे. आता वर्षाला लाखो शोधनिबंध जगभर प्रसिद्ध होतात आणि ते सगळे वाचायला वेळ कोणालाच नाही. मग वाचनाची जागा मोजणीने घेतली. प्राध्यापकाची नेमणूक, बढती, पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याची परवानगी, सगळे ‘किती निबंध आणि कोणत्या नियतकालिकात’ या हिशेबावर येऊन ठेपले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ साली मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी जाहीर केली. यादीत तीस हजारांहून अधिक नावे होती. यादीतल्या नियतकालिकात निबंध आला की तो चांगला, असे धरायचे. हा शिक्का होता. निबंध उघडून पाहायची गरजच त्याने संपवली.

या यादीची पारख पुण्यातच झाली, हा योगायोग म्हणावा की परंपरा, ते वाचकाने ठरवावे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर, श्रीधर गद्रे आणि त्यांचे सहकारी यांनी यादीतल्या, विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या ५६९९ नियतकालिकांपैकी १३३६ यादृच्छिक पद्धतीने निवडली. त्यांतली ३२७ मोठ्या आंतरराष्ट्रीय सूचींत असल्यामुळे बाजूला ठेवून उरलेली १००९ तपासली. तपासणीचे निकष वस्तुनिष्ठ होते आणि निबंधात लिहून दिले होते. पत्ता आहे का? संकेतस्थळ चालते का? संपादकांची नावे आहेत का? आयएसएसएन क्रमांक खरा आहे का? ३४.५ टक्के नियतकालिके पहिल्याच पायरीवर गळाली, कारण पत्ता, संकेतस्थळ, संपादक अशी प्राथमिक माहितीच नव्हती किंवा चुकीची होती. आणखी ५२.३ टक्क्यांनी खोटी किंवा फसवी माहिती दिली होती किंवा त्यांच्या संपादकांची पात्रता संशयास्पद होती. एकूण ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके हलक्या दर्जाची असावीत, असा निष्कर्ष निघाला. मार्च २०१८ मध्ये हा निबंध ‘करंट सायन्स’मध्येच प्रसिद्ध झाला. २ मे २०१८ रोजी आयोगाने यादीतून ४३०५ नियतकालिके काढून टाकली.

या आकड्यांमागे माणसे आहेत. तालुक्याच्या गावातला तासिका तत्त्वावरचा अध्यापक, महिन्याच्या तुटपुंज्या मानधनातून काही हजार रुपये भरून अशा नियतकालिकात निबंध छापतो, कारण त्याशिवाय मुलाखतीला उभे राहता येत नाही. मग एक दिवस ते नियतकालिक यादीतून जाते. त्याच्या निबंधात खरोखर काही होते का, हे यादीत घेणाऱ्याने पाहिले नव्हते आणि काढणाऱ्यानेही पाहिले नाही. शिक्क्याचा हा दोष आहे. तो लागतो तेव्हाही न वाचता लागतो आणि पुसला जातो तेव्हाही न वाचताच.

पुढे याच पुणे विद्यापीठाकडे काम देऊन आयोगाने ‘केअर’ नावाची नवी यादी उभी केली. २०१९ पासून ती चालू झाली. ती पहिलीपेक्षा काटेकोर होती. तरीही ती यादीच होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केल्याचे जाहीर केले. नियतकालिक कसे निवडावे याची सूचनात्मक परिमाणे दिली आणि पारख करण्याची जबाबदारी विद्यापीठांवर व महाविद्यालयांवर सोपवली.

टक्केवारीचा शिक्का

यादीच्या जोडीला दुसरा एक शिक्का आला, आणि तो यंत्राने मारायचा होता. आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनी संगणकाने काढलेल्या साम्याच्या टक्केवारीला कायदेशीर वजन दिले. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर अशा चढत्या पायऱ्या. २०१९ पासून ‘शोधशुद्धी’ योजनेतून विद्यापीठांना यासाठी सॉफ्टवेअरही पुरवण्यात आले.

हेतू चांगलाच होता. मी स्वतः अशा अहवालांच्या बाजूचा आहे, कारण कोणता परिच्छेद कुठून आला हे त्यात रंगवून दाखवलेले असते. तो अहवाल म्हणजे मागच आहे. पण वाचायला घेतला तरच. व्यवहारात अहवालाचे पहिले पान, त्यावरचा एक आकडा आणि खाली सही एवढेच उरते. आकडा ९ आला की प्रबंध शुद्ध आणि ११ आला की अशुद्ध, असे होऊन बसते. मग आकडा खाली आणण्याचा धंदा सुरू होतो. शब्दाला प्रतिशब्द घालून वाक्ये फिरवणारे प्रोग्राम मिळतात. ते वापरून चोरी तशीच ठेवता येते आणि टक्केवारी उतरवता येते.

या फिरवाफिरवीचे अवशेष जगभरच्या निबंधांत सापडले. फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि सिरिल लाबे यांनी अलेक्झांडर मागाझिनोव यांच्यासह २०२१ साली अशा शब्दांना ‘छळलेले शब्दप्रयोग’ असे नाव दिले. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, म्हणजे बनावट जाणीव. ‘ब्रेस्ट कॅन्सर’च्या जागी ‘बुझम पेरिल’, म्हणजे उराचे संकट. कोणत्याही जाणत्या वाचकाला हसू येईल असे हे शब्द. तरी असे निबंध नावाजलेल्या प्रकाशकांकडे समीक्षेतून पार झाले. त्यांचा शोध घेण्यासाठी काबानाक यांनी पुन्हा एक संगणकीय चाळणी बनवली. एका यंत्राला चुकवण्यासाठी दुसरे यंत्र आणि दुसऱ्याला पकडण्यासाठी तिसरे, अशी ही साखळी. माणसाने वाचायचे सोडले तिथून ती सुरू होते.

साथीच्या वर्षांतली चाळणी

आता मूळ विषयाकडे येतो. शोधनिबंध नियतकालिकाकडे गेला की तज्ज्ञ तो तपासतात. याला महिने लागतात, कधी वर्ष. तोवर थांबायचे नसेल तर संशोधक निबंध समीक्षेआधीच सर्वांसाठी खुला करतात; त्याला प्रीप्रिंट म्हणतात. पदार्थविज्ञानात पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ साली सुरू केलेल्या ‘आर्काइव्ह’मुळे ही रीत रूढ झाली. पुण्याच्या आयुकातल्या खगोलशास्त्रज्ञांचे काम आपल्याला बहुधा आधी तिथेच वाचायला मिळते. जीवशास्त्रासाठी २०१३ साली ‘बायोआर्काइव्ह’ आणि वैद्यकासाठी जून २०१९ मध्ये ‘मेडआर्काइव्ह’ सुरू झाले. त्यानंतर सहा महिन्यांत कोविड आला.

प्रीप्रिंटचे बळ आणि धोका दोन्ही साथीने एकदमच दाखवले. ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीतल्या संशोधकांच्या एका गटाने बायोआर्काइव्हवर निबंध ठेवला. नव्या विषाणूच्या प्रथिनातले चार छोटे तुकडे एचआयव्हीशी ‘विलक्षण’ साम्य दाखवतात, असा त्यांचा दावा होता. बातमी वणव्यासारखी पसरली. जगभरच्या अभ्यासकांनी तेच तुकडे सार्वजनिक जनुक-संग्रहांत टाकून पाहिले. इतके लहान तुकडे असंख्य जीवांत सापडतात, असे दिसून आले. दोन दिवसांत लेखकांनी निबंध मागे घेतला. दावा चुकला, पण जनुकक्रम सर्वांपुढे खुले असल्यामुळे चूक दोन दिवसांत धरता आली.

दुसरे उदाहरण आपल्या दंडाशी संबंधित आहे. कोव्हॅक्सिन ही लस भारत बायोटेकने आयसीएमआर आणि तिच्या पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या साहाय्याने तयार केली. ३ जानेवारी २०२१ रोजी तिच्या मर्यादित आपत्कालीन वापराला परवानगी मिळाली. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचा सविस्तर निबंध प्रीप्रिंट म्हणून आला तो जुलै २०२१ मध्ये, आणि ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला नोव्हेंबरमध्ये. मधल्या काळात लाखो लोकांनी, त्यांत या वसाहतीतल्या कामगारांनीही, परवानगीच्या शिक्क्यावर विश्वास ठेवून दंड पुढे केला.

निबंध आल्यावर मात्र चित्र बदलले. चाचणीत २५,७९८ लोक होते. लस घेतलेल्यांत कोविडची २४ प्रकरणे निघाली, न घेतलेल्यांत १०६. दोन्ही गट जवळजवळ सारखे. १०६ च्या जागी २४, म्हणजे घट सुमारे ७७ टक्के. निबंधातला आकडा ७७.८, प्रत्येकावर किती काळ लक्ष ठेवले त्याचा हिशेब धरल्याने थोडा फरक पडतो. हे गणित आठवीतली मुलगी वहीत करू शकते. ‘लस प्रभावी आहे’ या विधानावर आधी फक्त विश्वास किंवा अविश्वास ठेवता येत होता. आता ते पडताळता आले.

कोविडवरचे असे हजारो प्रीप्रिंट महिनोन्‌महिने येत राहिले. माणसांनी वाचून संपणारे हे काम नव्हते. ट्रेसी वाइसगर्बर आणि निरनिराळ्या देशांतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हा एक संगणकीय चाळणी उभी केली. वेगवेगळ्या गटांनी बनवलेले छोटे प्रोग्राम त्यांनी एका रांगेत लावले. ‘ऑडपब’ हा मूळ विदा आणि संगणक-कार्यक्रम खुले केले आहेत का ते शोधतो. दुसरा प्रोग्राम लेखकाने मर्यादा सांगितल्या आहेत का ते वाक्यांतून हुडकतो. ‘सायस्कोर’ प्रयोगाची आखणी कशी होती याच्या नोंदी आणि वापरलेल्या द्रव्यांची नेमकी ओळख आहे का ते पाहतो. ‘जेटफायटर’ रंगांधळ्या वाचकाला न कळणारे इंद्रधनुषी नकाशे ओळखतो. ‘बारझूका’ सरासरीचे फसवे स्तंभालेख पकडतो.

शेवटची गोष्ट आमच्या वसाहतीत चटकन कळेल. दहा कास्टिंगची कठिणता मोजली. सरासरी २०० ब्रिनेल आली, हवी तेवढीच. स्तंभ काढला, अहवाल झाला. पण दहांपैकी पाच १६० ची मऊ आणि पाच २४० ची ठिसूळ असतील, तरी सरासरी २०० च येते. एकही कास्टिंग कामाचे नाही आणि आलेख उत्तम! दहा ठिपके वेगळे काढले असते तर हे एका नजरेत दिसले असते. वैद्यकातल्या स्तंभालेखांमागेही असेच रोगी लपलेले असतात.

या चाळणीचे अहवाल प्रत्येक प्रीप्रिंटला जोडून सर्वांसाठी जाहीर केले गेले. जानेवारी २०२१ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये त्यांनी साडेसहा हजारांहून अधिक निबंधांचा गोषवारा दिला. मूळ विदा खुली करणारे निबंध १३.६ टक्के, संगणक-कार्यक्रम खुले करणारे १४.३ टक्के, आणि निदान एक तरी मर्यादा सांगणारे सुमारे एक-तृतीयांश. म्हणजे सुकथनकरांच्या नागमोडी रेषेसारखे काही दोन-तृतीयांश निबंधांत सापडले नाही.

गेज काय सांगतो

ही चाळणी काय करत नाही, ते तिच्या कर्त्यांनीच सांगितले आहे. प्रोग्राम चुकतात. एखादी बाब त्या निबंधाला लागू आहे की नाही, हे त्यांना नेहमी कळत नाही. आणि निष्कर्ष खरा की खोटा याबद्दल ते काहीच बोलत नाहीत.

भोकाचे माप तपासायला आम्ही प्लग गेज वापरतो. त्याचे ‘गो’ टोक भोकात गेले पाहिजे आणि ‘नो-गो’ टोक जाता कामा नये. दिवसाला शेकडो भोके या साधनाने बिनचूक तपासता येतात. पण कास्टिंगच्या पोटात ब्लो-होल असेल तर गेजला ते कळणार नाही. त्यासाठी कापून पाहावे लागते किंवा क्ष-किरण लावावा लागतो. म्हणून कोणी गेज फेकून देत नाही, आणि गेजमधून गेलेला भाग निर्दोष आहे असेही शहाणा तपासनीस म्हणत नाही. विदा खुली करून, मर्यादा लिहून, ठिपक्यांचा सुबक आलेख काढूनही खोटे संशोधन करता येते. मात्र ते करणाऱ्याने आपला माग स्वतःच मागे ठेवलेला असतो.

चाळणीचा एक गुण मला विशेष मोलाचा वाटतो. तिला नाव कळत नाही. हार्वर्डचा निबंध आणि गडहिंग्लजच्या महाविद्यालयातला निबंध तिच्यापुढे सारखेच. छोट्या गावातल्या संशोधकाला आजवर शिक्क्याने छळले, कारण शिक्का मिळवायला पैसा आणि ओळख लागते. मोजमापांचा तक्ता निबंधासोबत जोडायला मात्र दोन्ही लागत नाहीत. पंचगंगेच्या पाण्याचे नमुने घेणाऱ्या विद्यार्थिनीने नमुना कुठे, कोणत्या दिवशी, किती वाजता घेतला आणि प्रत्येक मोजणी काय आली हे दिले, तर तिचा निष्कर्ष पुढे कोणी मान्य करो वा न करो, तिच्या नोंदी वीस वर्षांनीही उपयोगी पडतील. राजवाड्यांची पत्रे आजही उपयोगी पडतात, त्याच कारणाने.

भीती आहे ती वेगळीच. या चाळणीचाही उद्या आकडा होईल. ‘पारदर्शकता गुणांक ७० च्या वर असावा’ असे परिपत्रक निघेल. मग ‘या अभ्यासाला मर्यादा आहेत’ हे एकच वाक्य सगळ्या निबंधांच्या शेवटी चिकटवले जाईल. ‘विदा मागितल्यास दिली जाईल’ असे लिहिले जाईल आणि मागितल्यावर उत्तर येणार नाही. साम्याच्या टक्केवारीचे जे झाले तेच होईल. शिवाय साथीत वापरलेले हे प्रोग्राम इंग्रजी वैद्यकीय निबंधांसाठी घडवलेले आहेत. मराठीतल्या इतिहासाच्या किंवा लोकसाहित्याच्या प्रबंधापुढे ते मुके. त्या प्रबंधांना शून्य गुण पडले तर तो दोष प्रबंधाचा मानला जाईल, चाळणीचा नाही.

यादी आता गेली आहे. पारखण्याची जबाबदारी महाविद्यालयांवर आली आहे. सोपा मार्ग दिसतोच : प्रत्येक विद्यापीठाने स्वतःची यादी करायची आणि तिच्यावर आपला शिक्का मारायचा. त्याऐवजी संशोधन समितीने निबंध समोर घेऊन मोजके प्रश्न विचारावेत. मूळ नोंदी कुठे ठेवल्या आहेत? त्या दुसऱ्याला पाहता येतील का? किती मोजण्या घेतल्या आणि किती गाळल्या, का गाळल्या? आलेखात प्रत्येक मोजणी दिसते की फक्त सरासरी? लेखकाला स्वतःला कुठे शंका आहे? यातले बरेचसे प्रश्न संगणक चाळून देऊ शकेल आणि तसे त्याने जरूर द्यावेत. त्यात वाचलेला वेळ समितीतल्या दोन माणसांनी तो निबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचण्यात घालवावा. तालुक्याच्या गावातल्या त्या अध्यापकाला आजवर यादीत घातले गेले आणि यादीतून काढले गेले. त्याचा निबंध एकदा कोणीतरी वाचावा, एवढे त्याचे मागणे रास्त आहे.